राब, राजनाला आणि पावसाचा हिशेब : कर्जत-खालापुरातील हवामानविषयक गणिताची पूर्वपीठिका

बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले कर्जत व खालापूर हे दोन तालुके रायगड जिल्ह्यात मोडत असले तरी त्यांना समुद्राचा स्पर्श नाही. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत, मध्ये माथेरानची डोंगररांग, एकीकडे उत्तरेस कल्याणच्या दिशेने वाहणारी उल्हास, तर दुसरीकडे पश्चिमेस धरमतरच्या खाडीला मिळणारी पाताळगंगा, असे या प्रदेशाचे स्थूल स्वरूप आहे. कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता व खालापूर हा त्याचाच पेटा होता. १८९१ साली हा सर्व भाग कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. हा प्रशासकीय तपशील प्रारंभीच देण्याचे कारण असे की, जिल्हा हे एकक धरून केलेल्या कोणत्याही गणितात या दोन तालुक्यांचे काय होते, हा पुढील विवेचनातील एक मुख्य प्रश्न आहे.

हवामानातील बदल, त्याचे शेती, पाणी, ऊर्जा व मनुष्यजीवन यांवर होणारे परिणाम आणि त्यांवर योजावयाची धोरणे या सर्वांची सांगड एकाच गणितात घालणारी जी प्रतिमाने आज जगभर वापरली जातात, त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकातला. एकात्मिक प्रतिमाने या नावाने ती ओळखली जातात. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ पाहतात तो प्रश्न काही नवा नव्हे. वनाचा पावसाशी, पावसाचा पिकाशी, पिकाचा सरकारी कायद्याशी काय संबंध आहे, याचा खल बोरघाटाखालच्या या मुलखात निदान दीडशे वर्षे चाललेला आहे. त्या खलात कोणती बाब जमेस धरली गेली व कोणती सुटली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८४७ साली वृक्षांचा हवामानावर काय परिणाम होतो याची माहिती हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांकडून मागविली. त्याच वर्षी डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे झरे आटत आहेत, असे गिब्सन यांचे निरीक्षण होते, आणि वनरक्षणाच्या बाजूने त्यांनी हाच युक्तिवाद मांडला. पुढे रेल्वे आली. बोरघाटाचा चढ १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. सोळा मैलांहून किंचित कमी अंतरात १,८३१ फूट चढणाऱ्या या लोहमार्गाने लाकडाची मागणीही आणली आणि लाकूड नेण्याची सोयही. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी डोंगरांवर सरकारी हद्दीच्या खुणा उभ्या राहिल्या. हवामानशास्त्र खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड यांनी १८८७ मध्ये मध्य प्रांतातील पर्जन्याच्या आकड्यांवरून वने व पाऊस यांचा संबंध तपासणारा निबंध प्रसिद्ध केला. आज तो पुरावा अपुरा वाटतो. पण एका धोरणाचा हवामानावरील परिणाम आकड्यांनी मोजण्याचा तो या देशातील एक आरंभीचा प्रयत्न होता, हे विसरता येत नाही.

या सर्व चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तो राब. भाताचे रोप तयार करण्यासाठी निवडलेल्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत व वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्यात ते भाजावयाचे आणि पाऊस पडताच त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरावयाचे, ही कोकणची जुनी पद्धत आहे. प्रत्येक खाचरामागे राबासाठी वरकस जमीन असे. ती पुरेनाशी झाली म्हणजे शेतकरी रानाकडे वळे. वनखात्याच्या दृष्टीने हा झाडांचा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने राबाशिवाय रोप नाही, रोपाशिवाय लावणी नाही आणि लावणीशिवाय सारा भरणे नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारने वनविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यानंतर डॉ. व्होएल्कर यांनी आपल्या १८९३ च्या सुप्रसिद्ध अहवालात राबाचा प्रश्न विस्ताराने चर्चिला.

राब ही केवळ अज्ञ शेतकऱ्याची खोड आहे की तिला शास्त्रीय आधार आहे, हा वाद प्रयोगशाळेत नेला तो पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी. त्यांचा प्रबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेतील क्षारांच्या जोडीने जमीन तापण्याच्या क्रियेलाही स्वतंत्र महत्त्व आहे, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. म्हणजे ज्याला वनखाते अपव्यय म्हणत होते त्यात जमिनीच्या दृष्टीने काही अर्थ होता. तरीही टहाळ डोंगरावरूनच यावा लागतो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नव्हती. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच ताळेबंदात मांडण्याचे साधन त्या काळी नव्हते. वनाचा हिशेब एका खात्यात, भाताचा दुसऱ्यात आणि सावकाराच्या वहीतला तिसरा हिशेब तर कोणत्याच खात्यात नव्हता. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कर्जत येथे भाताचे संशोधन केंद्र नावारूपास आले व कोळंब्यासारख्या जातींची निवड तेथे झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषि विद्यापीठाकडे पुढे हे केंद्र गेले. कर्जतच्या नावाने प्रसृत झालेल्या भाताच्या जाती आज कोकणाबाहेरही परिचित आहेत.

भाताचा हिशेब खाचरात चालू असता डोंगरमाथ्यावर पावसाचा एक अगदी निराळा हिशेब मांडला जात होता. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कोकणात सोडला तर त्या पडण्याच्या वेगातून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी जमशेटजी टाटा यांच्यापुढे मांडली. तिची अभियांत्रिकी आखणी आर. बी. जॉयनर यांनी केली. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. सर दोराबजींच्या पुढाकाराने टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० च्या नोव्हेंबरात स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खालापुरातील खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांतील पाणी १,७०० फुटांहून अधिक उंचीवरून खाली येते आणि चाके फिरवून पाताळगंगेत जाते.

या योजनेतील खरी अडचण यंत्रांची नव्हती. ती पावसाची होती. चार महिने पडणाऱ्या पाण्यावर बारा महिने गिरण्या चालवावयाच्या, तर तलावाचा आकार सरासरी पावसावर ठरवून भागत नाही. अवर्षणाच्या वर्षी काय होईल ते धरावे लागते. १८९९ सालचे अवर्षण त्या पिढीच्या स्मरणात ताजे होते. पर्जन्याची अनिश्चितता, साठवण, मागणी, भांडवल व कोळशाचा भाव हे पाच घटक एका गणितात आणल्यावाचून ही योजना उभीच राहिली नसती. ज्याला आज एकात्मिक प्रतिमान म्हणतात त्याची हाडे या गणितात होती, असे म्हणण्यास हरकत नाही. कोळशाचा धूर टळतो हाही लाभ त्या वेळी सांगितला जाई, पण तो शहराच्या आरोग्याचा लाभ म्हणून. त्या धुरातील कार्बन वायूचा हिशेब कोणी मागत नव्हते.

खोपोलीच्या मागोमाग आंध्र खोऱ्याची योजना आली. कंपनीचे व्यवस्थापक गिब्स यांच्या आखणीप्रमाणे ठोकरवाडीचे धरण बांधून त्याचे पाणी कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजगृहात आणले गेले. ते १९२२ मध्ये सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची. तीत बुडणाऱ्या गावांचा हिशेब कंपनीच्या गणितात कसा मांडला गेला होता ते सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून चाललेल्या सत्याग्रहाने देशाला दाखवून दिले. मोबदल्याचा आकडा भरला म्हणजे गावाची नोंद पुरी झाली, असे मानणाऱ्या गणिताविरुद्धचा तो लढा होता.

भीमेच्या खोऱ्यातले पाणी अशा रीतीने पश्चिमेस वळले. कृष्णा पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने या वळवण्यास मर्यादा घातली. टाटांच्या तलावांतून एका वर्षी ५४.५ टीएमसीहून आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून अधिक पाणी खोऱ्याबाहेर नेता येत नाही. परंतु खाली आलेल्या पाण्याभोवती दरम्यानच्या काळात एक नवे जग उभे राहिले होते. भिवपुरीचे अवजल राजनाल्यातून कर्जतच्या खाचरांना मिळू लागले व तेथे उन्हाळी भात पिकू लागले. तेथून पुढे तेच पाणी उल्हास नदीतून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या शहरांच्या नळांना जाते. खोपोलीच्या अवजलावर पाताळगंगेच्या काठचे कारखाने चालतात. मावळात पडलेला एकच थेंब वीज होतो, भात होतो आणि शेवटी पिण्याचे पाणी होतो. यातील कोणत्याही एका उपयोगाचे धोरण बदलले म्हणजे उरलेल्यांवर परिणाम होणार, हे येथील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

आता बाहेरच्या जगाकडे वळावयास हवे. मान्सूनच्या भाकितासाठी जगभरच्या वायुभारांचे परस्परसंबंध तपासण्याचे कार्य सर गिल्बर्ट वॉकर यांनी १९०४ ते १९२४ या काळात हिंदी हवामान खात्याचे प्रमुख म्हणून केले. अर्थकारण व हवामान यांची गाठ मात्र बऱ्याच नंतर पडली. विल्यम नॉर्डहाउस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ च्या सुमारास हा विषय हाती घेतला व १९९२ मध्ये डाइस या नावाचे प्रतिमान प्रसिद्ध केले. नेदरलँड्समध्ये यान रोटमन्स यांचे इमेज हे प्रतिमान १९९० मध्ये पुस्तकरूपाने आले. डाइसची रचना तत्त्वतः सोपी आहे. उत्पादनातून कार्बन बाहेर पडतो, कार्बनामुळे उष्णता वाढते, उष्णतेमुळे उत्पादनाचे नुकसान होते, आणि हे नुकसान टाळण्यासाठी आज किती खर्च करणे परवडते ते गणित सांगते. नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच प्रतिमानाची १९९६ मधील प्रादेशिक आवृत्ती राइस या नावाने ओळखली जाते. इंग्रजीत त्या अक्षरांचा अर्थ भात असा होत असला तरी त्या प्रतिमानात भाताचे खाचर कोठे दिसत नाही, ही गंमत कर्जतच्या वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

या प्रतिमानांवरील सर्वांत मोठा वाद भविष्यातील नुकसानीची आजची किंमत कोणत्या व्याजाने काढावी, याविषयी आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानीची किंमत दरसाल ५ टक्क्यांनी काढली तर ती आज पाऊण रुपयाच्या आसपास भरते. निकोलस स्टर्न यांनी आपल्या २००६ च्या अहवालात धरलेल्या सुमारे १.४ टक्क्याने काढली तर तीच सुमारे पंचवीस रुपये होते. दराचा दशांश बदलला की धोरण बदलते. व्याजाच्या आकड्यावर कोणाच्या हातात काय राहते ते ठरते, हे सावकारी पाहिलेल्या कुलाबा जिल्ह्यास नवीन नाही. येथे मात्र कूळ अजून जन्मास आलेले नाही, इतकाच फरक.

दुसरा वाद थेट भाताशी निगडित आहे. पाणी साचलेल्या खाचरांतून मिथेन वायू निघतो. १९९० च्या सुमारास अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून दरसाल सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन बाहेर पडत होता. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा हा आकडा सुमारे ४ दशलक्ष टन निघाला. अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी त्याच वर्षी गरिबाच्या पोटासाठी होणारे उत्सर्जन व श्रीमंताच्या चैनीचे उत्सर्जन एका मापाने मोजण्यावर कठोर आक्षेप घेतला होता. प्रतिमान चुकले होते ते परक्या खाचरांचे आकडे येथील खाचरांना लावल्यामुळे. कर्जतच्या उतारावरील पावसाळी भातात पाणी येते तसे निघूनही जाते. राजनाल्याखालील उन्हाळी भातात ते साचून राहते. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते : ज्या पाण्याने धूर न करता वीज दिली, तेच पाणी खाचरात थांबले की मिथेनास वाट करून देते. वीज व शेती यांची खाती वेगळी ठेवणाऱ्या हिशेबास हे कधीच दिसणार नाही. एकात्मिक गणिताचे समर्थन करावयाचे तर याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

उपायही येथेच निघाले, ही उल्लेखनीय गोष्ट आहे. नेरळजवळील चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११ च्या सुमारास सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात नांगरणी, चिखलणी व लावणी नाही. गादीवाफ्यावर बी टोकावयाचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. चिखल नाही म्हणून साचलेले पाणी कमी, आणि लावणी नाही म्हणून राबाचीही गरज नाही. मृग कोरडा गेला व रोप जून झाले म्हणजे लावणीच्या भाताचे काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस या पद्धतीचे दुसरे महत्त्वही कळेल. वनखात्याने कायद्याने जे साधले नाही ते पेरणीच्या पद्धतीने साधू शकते, असा याचा अर्थ. मात्र लावणीच्या मजुरीवर ज्यांचा आषाढ निघतो त्या कातकरी व ठाकर कुटुंबांचा रोजगारही त्याच बदलाने घटतो, ही बाजू कोणत्याही ताळेबंदात यावयास हवी.

महाराष्ट्र शासनाने हवामान बदलाचा राज्यव्यापी अभ्यास टेरी या संस्थेकडे सोपविला. ब्रिटिश हवामान कार्यालयाच्या साह्याने झालेला तो अहवाल २०१४ मध्ये पुढे आला. राज्याच्या सर्व भागांत उष्णता वाढेल व पाऊसही वाढेल, असे त्याचे सर्वसाधारण अनुमान होते. जिल्हा हे एकक धरून त्यात भेद्यतेचा क्रम लावण्यात आला व नंदुरबार हा सर्वाधिक भेद्य जिल्हा ठरला. तो निष्कर्ष त्या निकषांवर योग्यच आहे. परंतु रायगड या एका नावाखाली अलिबागचा किनारा आणि खालापूरचा कडा यांची सरासरी होते. प्रादेशिक हवामान प्रतिमानांची चौकट बहुधा २५ ते ५० किलोमीटर लांबी-रुंदीची असते. कर्जतचे खाचर व खंडाळ्याचा माथा अशा एकाच चौकटीत सहज मावतात. त्यांच्यातील पावसाचा फरक मात्र त्या चौकटीत मावत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. सरासरी सांगणाऱ्या प्रतिमानापेक्षा टोकाच्या पावसाची ही मोजणी डोंगराखालच्या माणसाच्या अधिक उपयोगाची आहे.

खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत, चौक ग्रामपंचायतीच्या हद्दीत, इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. खाली मोरबे धरणाचा जलाशय, ज्याचे पाणी नवी मुंबईला जाते. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. उभ्या चढणीची पायवाट होती. लोकसंख्या २२८. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला, आणि १९ तारखेच्या रात्री डोंगराचा भाग वाडीवर कोसळला. यंत्रे वर नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकेना. माणसांनी हातांनी माती उपसली. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते व ५७ माणसे बेपत्ता होती. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले.

या घटनेस एकट्या हवामान बदलास जबाबदार धरणे शास्त्रास धरून होणार नाही. सह्याद्रीत दरडी पूर्वीही कोसळत. परंतु गणिताच्या दृष्टीने तिचा विचार करता एक गोष्ट स्पष्ट होते. नुकसान रुपयांत मोजणाऱ्या प्रतिमानात इर्शाळवाडीचे मोल फार थोडे भरते : काही कुडाची, काही विटांची घरे, थोडी वरकस, थोडी नाचणी. २२८ माणसांपैकी ८४ माणसे, म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक, नाहीशी होतात आणि राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात त्याची नोंददेखील उमटत नाही. १८८५ चा आयोग जेव्हा राबाच्या तक्रारी ऐकत होता तेव्हा निदान तक्रारदार समोर उभे होते. यादीतच नाव नसलेल्या वाडीला उभे राहण्यासही जागा नसते. स्थानिक पर्जन्यमापक, उतारांची प्रत्यक्ष पाहणी आणि वाडीतल्या वृद्धांना ठाऊक असलेल्या जुन्या भेगा व झरे यांची माहिती प्रतिमानाच्या अंतर्भागात कशी आणावयाची, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक वाटला तरी केवळ तांत्रिक नाही.

इर्शाळवाडीनंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये, टाटा पॉवर व महाराष्ट्र शासन यांच्यात उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार झाला. शिरवटा येथे १,८०० मेगावॉट व भिवपुरी येथे १,००० मेगावॉट, मिळून सुमारे १३,००० कोटी रुपयांची ही योजना आहे. भिवपुरीच्या जुन्या वीजगृहाची क्षमता ७५ मेगावॉट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येते. सौर व वायुऊर्जा मुबलक असते त्या वेळी पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की खाली सोडावयाचे, असे या प्रकल्पांचे तत्त्व आहे. शंभर वर्षे केवळ खाली येणारे पाणी आता वरही जाणार. कोळशाची वीज कमी करण्याचे जे धोरण एकात्मिक प्रतिमाने सुचवितात त्यात अशा साठवणीला मोठे स्थान आहे, आणि ते योग्य आहे. मात्र अवजलाच्या वेळा जर विजेच्या मागणीप्रमाणे ठरू लागल्या, तर राजनाल्याच्या पाळ्या कोणाच्या घड्याळाप्रमाणे ठरावयाच्या, आणि चैत्र-वैशाखात उल्हासेच्या पात्रात किती पाणी राहावयाचे, हे दोन आकडे करारातील मेगावॉटच्या शेजारी मांडले जाणे आवश्यक आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रापासून भिवपुरीचे वीजगृह काही फार दूर नाही.